थंडी त्याच्या ओळखीची आहे

बर्फावर कुत्र्याला न्यायचं ठरलं की पहिला प्रश्न थंडीचा निघतो. एवढ्या गारठ्यात त्याचं कसं होणार? प्रश्न चुकीचा नाही, फक्त तो पहिल्या नंबरचा नाही. थंडी कुत्र्याच्या जुन्या ओळखीची आहे. तिच्याशी कसं वागायचं हे त्याच्या केसांना, कातडीला, पंज्यांना बऱ्यापैकी ठाऊक असतं. त्याला ठाऊक नसतं ते स्की रिसॉर्ट. स्कीची पोलादी धार, रस्त्यावर फेकलेलं मीठ, अंधारात उतारावर ताणलेली तार, तलावावरचा पोकळ बर्फ, पहाटे डोंगरात उडणारे सुरुंग, यांतलं काहीच त्याच्या अंगभूत शहाणपणात बसत नाही. तिथे शहाणपण आपल्याला पुरवावं लागतं.

बर्फाला टेकतो तो पंजा, म्हणून सुरुवात तिथूनच. कुत्रा अनवाणी बर्फावर तासभर हुंदडतो आणि त्याचे पाय गोठत नाहीत, हे कोडं बऱ्याच जणांना पडतं. जपानी संशोधकांनी २०११ मध्ये त्याचं एक उत्तर दाखवून दिलं. पंज्याच्या गादीत येणाऱ्या धमन्यांना बारीक शिरांचं जाळं अगदी बिलगून असतं. शरीरातून येणारं गरम रक्त आपली ऊब शेजारून परतणाऱ्या गार रक्ताला देऊन टाकतं. त्यामुळे पंज्यात गादी गोठणार नाही एवढीच ऊब पोचते आणि शरीरात परत जाणारं रक्त गार राहत नाही. पेंग्विनच्या पायांत हीच युक्ती आहे. पंजा थंड राहतो, कुत्रा नाही.

ही व्यवस्था कोरड्या पंज्यासाठी आहे. ओल आली की हिशेब बदलतो. पाणी हवेपेक्षा कितीतरी वेगाने उष्णता ओढून नेतं, आणि भिजलेल्या केसांत हवा अडकून राहत नाही म्हणून दुहेरी केसांचा (आत मऊ लोकर, वर राठ केस) दणकट कुत्राही ओला झाला की उघडा पडतो. म्हणूनच उणे दहाच्या कोरड्या, कुरकुरीत बर्फापेक्षा शून्याच्या आसपासचा चिकट, पाणावलेला बर्फ जास्त त्रासाचा. हवामानाचा अंदाज बघताना आपली नजर उणे आकड्यांवर थबकते. कुत्रा सोबत असेल तर अधिक एक अंश आणि भुरभुर पाऊस या ओळीला जास्त घाबरावं.

चिकट बर्फाचा दुसरा उपद्रव म्हणजे गोळे. बोटांमधल्या केसांना बर्फ धरतो, पंज्याच्या उबेने थोडा वितळतो, पुन्हा गोठतो, आणि प्रत्येक पावलागणिक त्यावर नवा थर चढतो. सुपारीएवढा गोळा झाला की बोटं फाकतात आणि कुत्रा मध्येच बसून पंजा चावायला लागतो. लांब केसांच्या जातींत हेच पोटाखाली, काखेत आणि मागच्या पायांच्या झालरीवर होतं. निघण्याआधी दोन-तीन दिवस गाद्यांमधले केस गादीच्या पातळीपर्यंत कापून घ्यावेत. गोल टोकाची कात्री घ्यायची आणि पंज्यावरच्या केसांना हात लावायचा नाही, ते ऊब धरतात. तरी गोळे झालेच तर ओढायचे नाहीत. ओढले की केसांसकट कातडी ताणली जाते आणि पुढच्या वेळी कुत्रा पंजा हातात देत नाही. वाटेत असाल तर गोळा बोटांच्या उबेत धरून फोडा. खोलीवर आलात की कोमट पाणी. झालरीवरचे गोळे काढायला अंडी फेटायचा तारेचा व्हिस्क नामी आहे. केसांच्या दिशेने अलगद फिरवला की तारांमध्ये गोळे चुरडतात. हसायला येतं, पण एकदा वापरलं की तो बॅगेतली जागा सोडत नाही.

मीठ हे ओलीचं सगळ्यात कावेबाज रूप. रस्त्यांवर, पायऱ्यांवर, हॉटेलच्या दारात बर्फ वितळवायला टाकतात ते बहुधा साधं मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड. ते साधारण उणे नऊ अंशांपर्यंत नीट काम करतं. त्याहून थंडीत कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. यातून जे खारं पाणी तयार होतं ते शून्याखालीही गोठत नाही. म्हणजे कुत्र्याचा पंजा बर्फापेक्षा थंड अशा पाण्यात बुडतो. कॅल्शियम क्लोराइड तर विरघळताना उष्णता सोडतं, त्यामुळे बोटांच्या बेचक्यात खडा अडकला की चटका बसतो. वर कुत्रा हे सगळं चाटतो आणि रात्री उलट्या करतो. उपाय कंटाळवाणा आहे आणि पक्का आहे: दारात कोमट पाण्याचं पसरट भांडं, प्रत्येक पंजा त्यात पाच-दहा सेकंद, बोटं फाकवून टिपून कोरडा. नुसतं पुसून भागत नाही, कारण मीठ बेचक्यात असतं. आणि तो चारही पंजे चाटून साफ करायच्या आत हे झालं पाहिजे.

मग बूट घालायचे का? रोज खाऱ्या रस्त्यावरून जाणं-येणं असेल, गाद्या मऊ असतील किंवा आधीच चीर असेल, तर हो. मोकळ्या बर्फावर धडधाकट कुत्र्याला त्यांची फारशी गरज नसते. माप कागदावर घ्यावं. कुत्र्याला कागदावर उभं करून जोडीचा दुसरा पाय उचला, म्हणजे वजन येऊन पंजा पूर्ण पसरेल. मग नखांसकट पेन्सिल फिरवा. पुढचे पंजे मागच्यांपेक्षा सहसा मोठे असतात, त्यामुळे चारही एकाच मापाचे घेतले की मागचे गळतात. वेल्क्रोचा पट्टा पायाच्या बारीक भागावर, आतल्या सुट्या नखाला न घासता, एक बोट जेमतेम जाईल इतका घट्ट हवा. तो सैल असेल तर बूट खोल बर्फात राहतो, आणि करकचून आवळला तर पंज्याचा रक्तपुरवठा तुटून बुटामुळेच पंजा गारठतो. पंज्यांना घाम येतो, म्हणून आतून ओले झालेले बूट तासाभराने काढून पाहावेत आणि खोलीत आल्या आल्या उतरवावेत. पहिल्यांदा घातल्यावर कुत्रा चिखलातल्या बगळ्यासारखा पाय उचलत चालतो. हा नाच घरी, निघण्याआधी आठ-दहा दिवस, रोज पाच मिनिटं करून घ्यावा. बर्फावर तो करवून घेण्याची वेळ नसते. आणि चार नव्हे, आठ न्यावेत. अलास्कातल्या इडिटारोड या सुमारे १,६०० किलोमीटरच्या स्लेज शर्यतीत प्रत्येक कुत्र्यामागे आठ बूट, पायात किंवा स्लेजवर, असणं नियमानेच बंधनकारक आहे. त्यांना कारण माहीत आहे.

बुटांना ठाम नकार देणाऱ्या कुत्र्यांसाठी मेण. एक भाग मधमाश्यांचं मेण आणि तीन भाग खोबरेल, वजनाने, मंद आचेवर वितळवून डबीत ओतायचं. बाहेर पडायच्या अगदी आधी बेचक्यांत पातळ हात फिरवायचा. यामुळे गोळे कमी होतात, मीठ थेट लागत नाही. ऊब मात्र मिळत नाही. आधीच लावून ठेवलं तर सगळं फरशीवर आणि गालिच्यावर उमटतं.

अंगातल्या कोटाबाबत मतं टोकाची असतात. हस्की, सामोयेड यांसारख्या दुहेरी केसांच्या कुत्र्याला कोट घातला तर त्याचे केस दबतात आणि त्याची स्वतःची ऊब कमी होते. ग्रेहाउंड, बॉक्सर यांसारख्या पातळ, एकेरी केसांच्या, किंवा लहान, म्हाताऱ्या, सडपातळ कुत्र्याला मात्र शून्याखाली कोट हवाच. घेताना पाठ बघू नका, पोट बघा. आखूड पायांच्या कुत्र्याचं पोट बर्फावरून घासत जातं आणि भिजतं तेच. छाती-पोट झाकणारा, पाणी न धरणारा, काखेत न काचणारा, एवढं पुरे. तो थांबून पाय आळीपाळीने उचलतोय, पाठ कुबडी केलीय, शेपूट आत घेतलीय, किंवा वळून आलेल्या वाटेकडे बघतोय, तर फिरणं संपलं. मग पुढे कितीही सुंदर दरी दिसत असू दे.

आता रिसॉर्टचं घड्याळ. ते नीट समजलं की निम्मे धोके टळतात आणि निवांतपणाही तिथेच सापडतो.

रात्री जोराचा बर्फ पडला असेल तर पहाटे, माणसांना उतारावर वर नेणाऱ्या लिफ्ट सुरू व्हायच्या आधी, वरच्या उतारांवर साचलेला बर्फ सुरुंगांनी पाडतात, म्हणजे दिवसा माणसांवर हिमलोट येऊ नये. दरीत तो आवाज घुमत येतो. फटाक्यांना घाबरणारा कुत्रा अशा वेळी मोकळा असेल तर तो दिशा न बघता सुटतो, आणि बर्फात सुटलेला कुत्रा शोधणं फार अवघड. म्हणून बर्फ पडून गेलेल्या सकाळी पहिली फेरी दोरीवरच. नाताळ ते नवं वर्ष हा आठवडा याच कारणाने टाळावा, कारण तेव्हा गर्दीच्या जोडीला आतषबाजीही असते. जानेवारीचा दुसरा-तिसरा आठवडा बहुतेक ठिकाणी ओस असतो.

संध्याकाळची चूक जास्त सोज्वळ दिसते आणि जास्त घातक असते. लिफ्ट बंद झाल्या, स्की करणारे उतरून गेले, समोर मऊ, रिकामा, रुंद उतार. कुत्र्याला मोकळं सोडायला याहून चांगली जागा कुठली, असं वाटणारच. पण तेव्हाच त्या उतारावर बर्फ सारखा करणारी यंत्रं चढतात. तीव्र उतारावर ती वर कुठेतरी बांधलेल्या पोलादी तारेच्या आधाराने काम करतात. तार बोटाएवढी जाड, हजार मीटरपर्यंत लांब, काही टनांच्या ताणाखाली. कधी ती बर्फात गाडलेली असते आणि यंत्र वळताच सपकन वर येते किंवा आडवी झोडते. यंत्र टेकडीपलीकडे असतं, दिवे दिसत नाहीत, तार तर अंधारात दिसतच नाही. माणसं यात मेली आहेत. बंद झालेला उतार म्हणजे सुरू असलेला कारखाना समजावा.

कृत्रिम बर्फ फवारणाऱ्या तोफाही थंड रात्रीच चालतात. हवेतला ओलावा धरून मोजलेलं तापमान साधारण उणे दोनच्या खाली गेलं की त्या सुरू होतात. त्यांच्या समोरून जाणं म्हणजे बारीक तुषारांत न्हाणं, आणि ते केसांवर बसून गोठतात. या तोफांना पाणी पुरवणारे तलाव हा त्याहून मोठा सापळा. हिवाळ्यात ते गोठून छान पटांगणासारखे दिसतात. पण रात्रभर खालून पाणी उपसलं जातं, पातळी उतरते आणि वरचा बर्फ अधांतरी उरतो. काही तलावांत पाणी गोठू नये म्हणून तळातून हवाही सोडतात, तिथे बर्फ आणखी पातळ. काठाला प्लॅस्टिकचं गुळगुळीत अस्तर असतं, त्यावर ना पंजा टिकतो ना माणसाचा हात. तिथे कुंपण असतंच, पण दीड मीटरच्या कुंपणाला एक मीटर बर्फ लागला की कुत्र्यासाठी ती एक उडी आहे. हाच हिशेब राहत्या घराच्या अंगणाचा. पहिल्या दिवशी बंदिस्त असलेलं अंगण चौथ्या दिवशी बंदिस्त असतंच असं नाही. रोज सकाळी कुंपण किती उरलंय ते बघा आणि कुंपणालगतचा ढीग फावड्याने मागे ओढा. फावडं हातात आहेच तर छपराखालच्या पट्ट्यात कुत्र्याला बांधू नका. ऊन चढलं की छपरावरचा बर्फ एकगठ्ठा खाली येतो.

स्कीच्या धारेबद्दल इतकंच म्हणायचं की उतारावरच्या स्कीच्या कडेला पोलादी पट्टी असते आणि ती तासून धारदार ठेवलेली असते. मालक स्कीवर आणि कुत्रा शेजारी धावतोय हे दृश्य फोटोत मोहक असतं. कुत्र्याला मालकाच्या जवळ यायचं असतं, वळणावर तो आतल्या बाजूने येतो, आणि धार पायाच्या मागच्या बाजूला, सरळ स्नायुबंधावर बसते. कातडीची जखम भरून येते. तुटलेला स्नायुबंध शस्त्रक्रियेनेही पूर्ववत होईलच असं नाही. कुत्र्याने ओढायच्या स्कीजोरिंग या खेळात म्हणूनच पोलादी कडा नसलेल्या स्की वापरतात. तसं झालंच तर स्वच्छ कापड जखमेवर दाबून धरा, वरून घट्ट पट्टी बांधा, भिजली तर काढू नका, तिच्यावर दुसरी चढवा, कुत्र्याला चालवू नका आणि त्याच दिवशी पशुवैद्याकडे पोचा. दुखावलेला कुत्रा मालकालाही चावतो, म्हणून पट्टीआधी मुसकं. जवळच्या पशुवैद्याचा नंबर आणि रात्रीची सोय पोचल्या दिवशीच शोधून ठेवावी.

लिफ्टचे नियम जागोजागी वेगळे. बंद गोंडोलात, म्हणजे तारेवरून जाणाऱ्या डब्यात, दोरी आणि मुसकं लावून अनेक ठिकाणी नेता येतं, उघड्या खुर्चीच्या लिफ्टवर बहुधा नाही, आणि ते योग्यच आहे. स्टेशनांवरच्या जाळीदार लोखंडी पायऱ्या मात्र विसरू नका. नख जाळीत अडकून मुळापासून उपटतं. उचलता येत असेल तर उचला, नाहीतर बूट तिथे तरी घाला.

इतकं सगळं वजा केल्यावर उरतं काय? उरते दुपार. सकाळी नऊपासून चारपर्यंत सगळं गाव वरच्या उतारांवर असतं. खालचे जंगलातले चालायचे रस्ते, जे रिसॉर्ट स्वतः दाबून सपाट ठेवतं, ते साधारण अकरा ते दोन जवळपास रिकामे असतात, आणि दिवसातली सगळ्यात उबदार वेळही तीच. कुत्र्याच्या माणसाला स्कीचे तास सोडावे लागतात, ही तक्रार मला कधी पटलेली नाही. अख्ख्या रिसॉर्टमधली शांतता त्याच तासांत ठेवलेली आहे. ताज्या भुसभुशीत बर्फात हवेच्या असंख्य पोकळ्या असतात, त्या आवाज गिळतात. शंभर पावलांवरची लिफ्ट ऐकू येत नाही, पण शेजारच्या कुत्र्याचा श्वास येतो. तोच बर्फ एकदा वितळून कडक झाला की उलट आवाज परतवतो आणि दूरचं कुणाचं बोलणं कानाशी आल्यासारखं होतं.

कुत्र्यासाठी मात्र ही शांतता रिकामी नाही. थंडीत वास उडून हवेत कमी मिसळतात आणि नवा बर्फ जुन्या खुणा झाकून टाकतो, म्हणून तो अख्खं नाक बर्फात खुपसून ओढतो. मध्येच थबकतो, मान तिरकी करतो, कान टवकारतो, आणि चारही पाय उचलून एका जागी झेप घेतो. बर्फाचा थर जाड असला की त्याच्या तळाशी, जमिनीलगत, शून्याच्या आसपासची एक अरुंद पोकळी टिकून राहते. वर उणे वीस असलं तरी तिथे उंदीर आणि चिचुंद्र्या हिवाळाभर बोगदे करून राहतात. कुत्र्याला त्यांची खसखस ऐकू येते. ही झेप बघायला दहा मिनिटं उभं राहावं, आपल्याला दुसरं काम नाही. फक्त दोरी लांब असली तरी हातात असावी. हिवाळ्यात हरणं आणि बर्फात बीळ करून बसणारे रानकोंबड्यांसारखे पक्षी जेमतेम शिलकीवर जगत असतात. एकदा दचकून खोल बर्फातून पळताना ते जी शक्ती खर्चतात ती भरून काढायला तिथे खायला काही नसतं. शिवाय झाडाच्या बुंध्याभोवती, फांद्यांखाली, बर्फ पोकळ असतो. वरून काही दिसत नाही आणि लहान कुत्रा त्यात सरळ खाली जातो.

दोरीबद्दल एक कारागिरीची गोष्ट. गुंडाळी होणारी दोरी घरी ठेवा, तिच्या डबीत बर्फ गेला की ती जाम होते. कापडी पट्टा भिजून संध्याकाळी काठीसारखा कडक होतो आणि कडीचा खटका गोठून उघडत नाही. पाणी न पिणाऱ्या, गुळगुळीत लेपाच्या पट्ट्याची दोरी बरी. कंबरेला बांधायची दोरी सपाट बर्फावर सोयीची, उतारावरच्या निसरड्यावर मात्र कुत्रा खारीमागे निघाला की आपणही निघतो.

पाणी. बर्फ खातोय म्हणजे पाणी पितोय असं समजून आपण निर्धास्त होतो. अर्धा लिटर पाणी बर्फातून मिळवायचं तर ताज्या बर्फाचे पाच-दहा लिटर पोटात जायला हवेत. आणि तो वितळवून शरीराच्या तापमानाला आणायला साधारण ६० किलोकॅलरी लागतात. वीस किलोच्या कुत्र्याचा दिवसभर नुसतं पडून राहण्याचा खर्च सुमारे ६६० आहे. म्हणजे त्याचा अकरावा हिस्सा एका पेयावर गेला. भराभर बर्फ गिळून तो ओकतो ते वेगळं. बाटलीत कोमट पाणी न्या, दर अर्ध्या तासाला थोडं द्या. त्याला दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलीलिटर लागतं, श्रम झाले तर जास्त. एक सोय बर्फच करून देतो. पांढऱ्यावर लघवीचा रंग लख्ख दिसतो. फिकट पिवळा ठीक. गडद झाला की पाणी कमी पडतंय, आणि गुलाबी-लाल दिसला तर सुट्टी बाजूला ठेवून पशुवैद्य. याच पांढऱ्यामुळे काही कुत्रे पहिल्या दिवशी विधीच करत नाहीत, त्यांना पायाखाली गवत लागतं. एक कोपरा जमिनीपर्यंत खणून द्या. आणि विष्ठा उचलाच. बर्फात पुरलेलं काही नाहीसं होत नाही, फक्त पुढे ढकललं जातं.

पार्किंगमध्ये हिरवट-निळसर गोड वासाचं डबकं दिसलं तर दोरी आखडा. गाडीच्या कूलंटमधलं एथिलिन ग्लायकॉल गोड लागतं आणि किलोमागे साधारण ४.४ मिलीलिटर प्राणघातक ठरतं. दहा किलोच्या कुत्र्याला तीन मोठे चमचे. आधी तो झिंगल्यासारखा चालतो, मग बरा वाटतो, आणि एक-दोन दिवसांनी मूत्रपिंडं बंद पडतात. औषध आहे, पण पहिल्या काही तासांतच उपयोगी. मधला बरा वाटणारा टप्पा फसवा असतो.

उंचीचा त्रास कुत्र्यालाही होतो. दोन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे ८० टक्के असतो. पहिला दिवस नुसता वास घेण्यासाठी ठेवावा, चपट्या नाकाच्या जातींना तर दोन. आणि खोल बर्फातलं चालणं म्हणजे चालणं नव्हेच, पोहणं. बर्फ कोपराच्या वर गेला की कुत्रा उड्या मारत पुढे सरकतो. वीस मिनिटांत त्याचं तासाभराचं काम झालेलं असतं, आणि गुडघ्याचे अस्थिबंध दुखावतात ते याच उड्यांत. दुसऱ्या दिवशी सकाळी शेपूट मुळापासून लुळी लोंबताना दिसली की लोकांना ती मोडलीय असं वाटतं. बहुतेकदा ते अतिश्रम आणि ओल्या थंडीने शेपटीच्या स्नायूंना आलेलं आखडलेपण असतं. विश्रांती दिली की काही दिवसांत जातं. वेदना फार असतील तर औषध पशुवैद्याचंच, माणसांच्या गोळ्या कुत्र्याला विष ठरतात.

खरा गारठा बसलाय हे ओळखायला गुदद्वारी वापरायचा थर्मामीटर हवा. नेहमीचं तापमान ३८ ते ३९.२ अंश सेल्सियस. ते ३७ च्या खाली उतरलं तर आधी पूर्ण कोरडा करा, मग पांघरूण, मग कापडात गुंडाळलेल्या गरम पाण्याच्या बाटल्या छाती-पोटाशी. शेकोटीसमोर आडवं टाकू नका, बधिर कातडी भाजते आणि त्याला कळत नाही. थरथर थांबली म्हणजे ऊब आली असं नव्हे. तापमान वाढलेलं नसताना ती थांबली असेल तर शरीराने हात टेकलेत. कानाची टोकं, शेपटीचं टोक पांढुरकं, कडक, गार लागलं तर चोळायचं नाही. ४० अंशांच्या आसपासच्या पाण्याने हळूहळू ऊब द्यायची, आणि पुन्हा गोठण्याची शक्यता नसेल तेव्हाच. मेलेली कातडी काळी पडायला कित्येक दिवस लागतात, त्यामुळे लगेच काही दिसलं नाही म्हणून सुटलो असं होत नाही.

आणि ब्रँडी नको. सेंट बर्नार्ड कुत्र्याच्या गळ्यातलं ब्रँडीचं ते लाकडी पिंप बहुधा एडविन लँडसीअर या इंग्रज चित्रकाराच्या १८२० च्या चित्रातून आलंय. आल्प्समधल्या २,४६९ मीटरवरच्या ग्रेट सेंट बर्नार्ड खिंडीतल्या मठात कुत्रे खरोखर होते. त्यांच्यातला बॅरी (१८०० ते १८१४) चाळीसहून अधिक माणसं वाचवल्याबद्दल प्रसिद्ध आहे आणि पेंढा भरलेला बर्नच्या संग्रहालयात उभा आहे. पण पिंप त्याच्या गळ्यात चित्राने बांधलं. दारूने कातडीच्या रक्तवाहिन्या फैलावतात आणि उरलीसुरली ऊब बाहेर जाते, माणसाची काय नि कुत्र्याची काय.

राहायची खोली निवडताना देखाव्याला शेवटचा नंबर द्या. तळमजला, बाहेर थेट उघडणारं दार, पुसता येईल अशी फरशी, आणि स्की-बूट ठेवायच्या खोलीपासून लांब. तिथे सकाळी आठला शंभर प्लॅस्टिकचे बूट आपटत जातात आणि दाराकडे तोंड करून भुंकणारा कुत्रा दहा मिनिटांत अख्ख्या मजल्याचा शत्रू होतो. अनोळखी खोलीत तीन तासांहून जास्त त्याला एकटा ठेवू नये, पहिल्या दोन दिवसांत तर अर्धा तासही चाचणी म्हणूनच. दोघं असाल तर अर्ध्या दिवसाचे पास घ्या आणि आळीपाळीने जा. संध्याकाळी दोन टॉवेल, पंधरा मिनिटं: पहिला पाणी टिपायला, दुसरा कातडीपर्यंत कोरडं करायला. केस वरवर कोरडे आणि मुळाशी ओले राहिले तर तो ओला थर रात्रभर अंगाला. मग टॉर्चच्या उजेडात बेचक्या, नखांची मुळं, काखा. जेवण दमणुकीनंतर तासभर थांबून, विशेषतः खोल छातीच्या कुत्र्याला. भरल्या पोटी हुंदडून जठर फुगण्याचा आणि पिळवटण्याचा धोका त्यांना जास्त.

घरी परतल्यावर आणखी चार-पाच दिवस पंजे रोज बघावेत. कोरड्या हवेने आणि मिठाने तडकलेली गादी बर्फावर शांत असते, घरच्या फरशीवर तिसऱ्या दिवशी चीर उघडते आणि लंगडणं तेव्हा सुरू होतं. बूट साध्या पाण्यात धुऊन, वेल्क्रोतले केस काढून, उन्हात वाळवून मोजावेत. सात भरतील. आठवा तिकडेच कुठेतरी दीड मीटर बर्फाखाली आहे, कुणाच्या तरी एका हातमोज्याच्या आणि आठवणीने न उचललेल्या चारदोन पिशव्यांच्या शेजारी, एप्रिलमध्ये वर यायच्या बेताने.